संदर्भ-पडताळणी

उमेदवाराची नेमणूक करण्यापूर्वी त्याच्या जुन्या वरिष्ठांशी किंवा सहकाऱ्यांशी बोलून त्याच्या कामाची माहिती घेणे म्हणजे संदर्भ-पडताळणी. बोलीत ‘रेफरन्स चेक’. पद आणि नोकरीचा काळ यांची खातरजमा सोपी असते. माणूस प्रत्यक्षात काम कसे करतो हे कळणे अवघड, कारण नावे उमेदवारानेच दिलेली असतात आणि खरे बोलून सांगणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये निवडपद्धतींवरील संशोधनांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात संदर्भ-पडताळणी आणि पुढील कामगिरी यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.26 आढळला, तर ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा 0.51.

कायद्याची भीती हेही मौनाचे मोठे कारण आहे. निष्काळजीपणे दिलेल्या प्रतिकूल संदर्भामुळे नुकसान झाल्यास मालक जबाबदार ठरू शकतो, असा निर्णय ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) 1994 मध्ये दिला. उलट, गंभीर तक्रारी दडवून केलेली स्तुतीही अंगलट येऊ शकते, हे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये एका शाळेच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यामुळे अनेक कंपन्या फक्त तारखा आणि पद सांगतात. जर्मनीत नोकरी सोडताना मालकाने दिलेले प्रमाणपत्र खरे हवे आणि उमेदवाराच्या भल्याचेही. या ओढाताणीतून तिथे सांकेतिक भाषाच तयार झाली. ‘त्यांनी प्रयत्न केले’ असे लिहिले असेल, तर काम जमले नाही असे समजायचे.

प्रामाणिक उत्तर मिळणे बरेचसे प्रश्नावर अवलंबून असते. ‘माणूस कसा आहे?’ असे विचारले की ‘चांगला आहे’ हेच ऐकू येते. ‘तुम्ही दोघांनी मिळून कोणते काम केले? ते अडले तेव्हा त्यांनी काय केले?’ असे विचारल्यास समोरच्याला प्रसंग आठवावा लागतो. ‘पहिल्या तीन महिन्यांत त्यांना कोणत्या बाबतीत मदत लागेल?’ हा प्रश्न त्याहून उपयुक्त, कारण त्यात उणीव सांगूनही चुगली केल्यासारखे वाटत नाही. ‘पुन्हा घ्याल का?’ याचे उत्तर येण्याआधीचा अडखळा ऐकण्यासारखा असतो. म्हणून फोन एचआरवर न सोपवता ज्याच्या हाताखाली उमेदवार काम करणार त्यानेच करावा. मुलाखतीतच ‘तुमचे मागचे वरिष्ठ तुमच्याबद्दल काय सांगतील? त्यांच्याशी आम्ही बोलणार आहोत’ असे सांगितले, तर उमेदवारही अधिक मोकळेपणाने बोलतो.

उमेदवाराच्या संमतीशिवाय त्याच्या सध्याच्या कार्यालयात चौकशी करणे मात्र अन्यायाचे आहे. त्यात त्याची हातातली नोकरी जाऊ शकते. कुणी बोलायचे टाळले तर ते कंपनीच्या नियमामुळेही असेल, त्याचा दोष उमेदवाराला लावू नये. एकाच व्यक्तीकडून वाईट ऐकू आले तर त्यामागे जुना राग असू शकतो. तेव्हा त्याच काळातल्या दुसऱ्या सहकाऱ्याला विचारावे, आणि नकार कळवण्याआधी उमेदवाराची बाजूही ऐकून घ्यावी.