रिस्क फॅक्टर कसा शोधतात

एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्र. आजार कोणाला होतो, कोणाला होत नाही आणि या दोघांत नेमका फरक काय, हे एकेका पेशंटकडे न बघता माणसांच्या मोठ्या गटांकडे बघून शोधायचं शास्त्र. साथी यात येतातच, पण हार्ट, डायबेटिस, कॅन्सर, डिप्रेशन, अपघात हेही सगळं येतं. ज्या गोष्टीमुळे किंवा ज्या गोष्टीसोबत आजाराची शक्यता वाढलेली दिसते तिला जोखीम घटक म्हणतात, बोलताना सरळ रिस्क फॅक्टरच म्हणतात, जसं की सिगरेट, हाय बीपी, वय. आता ‘सोबत’ असणं वेगळं आणि ‘कारण’ असणं वेगळं, आणि हे दोन वेगळे काढण्यातच या लोकांची निम्मी हयात जाते.

सगळ्यात सरळ पद्धत म्हणजे कोहॉर्ट स्टडी. आधी माणसं निवडायची, त्यांच्या सवयी नि तपासण्या लिहून ठेवायच्या, आणि मग वर्षानुवर्षं कोणाला काय होतं ते बघत बसायचं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 1948 मध्ये 5,209 लोकांवर असा अभ्यास सुरू झाला, दर दोन वर्षांनी तपासणी, आणि आता त्यांच्या मुला-नातवंडांपर्यंत तो पोचलाय. वय वाढलं की बीपी वाढणारच, त्यात काय एवढं, असं तेव्हा बरेच डॉक्टरसुद्धा मानायचे. बीपी, कोलेस्टेरॉल आणि सिगरेट यांचा हार्टशी संबंध पक्का करण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे, रिस्क फॅक्टर हा शब्दसुद्धा 1961 मधल्या त्यांच्याच पेपरनंतर सगळीकडे रुळला. फक्त यात पैसा आणि वेळ प्रचंड लागतो, आणि आजार दुर्मिळ असेल तर हजारो लोक घेऊनही हाताला चारच केसेस लागतात.

म्हणून मग उलटीकडून जायचं, याला केस-कंट्रोल स्टडी म्हणतात. आजार झालेले लोक म्हणजे केस, न झालेले म्हणजे कंट्रोल, आणि दोघांना मागचं विचारायचं. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 मध्ये लंडनच्या हॉस्पिटलांमधला असा अभ्यास छापला. त्यातले फक्त पुरुष घ्या. फुफ्फुसाचा कॅन्सर झालेले 649, त्यात अजिबात सिगरेट-तंबाखू न ओढणारे फक्त 2. दुसऱ्या आजारांसाठी आलेले 649, त्यात न ओढणारे 27. आता हेच ओढणाऱ्यांच्या बाजूने बघितलं तर 99.7 टक्के विरुद्ध जवळपास 96 टक्के, म्हणजे फरक काहीच नाही असं वाटेल, कारण त्या काळी जवळजवळ सगळेच ओढायचे! पण ऑड्स रेशो काढला, म्हणजे एका न ओढणाऱ्यामागे ओढणारे किती हे प्रमाण कॅन्सरवाल्यांत दुसऱ्या गटाच्या किती पट आहे ते बघितलं (647 गुणिले 27, आणि त्याला 2 गुणिले 622 च्या उत्तराने भागायचं), तर तो 14 च्या आसपास येतो. शिवाय कंट्रोल हे पेशंटच होते, आणि त्यांच्यातल्या काहींचे आजारही सिगरेटमुळेच झालेले असणार, म्हणजे खरा फरक याहूनही मोठा असायची शक्यता.

माझ्या मते कुठलाही असा अभ्यास वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा की तुलना कोणाशी केलीये. 1981 मध्ये अमेरिकेत एक पेपर आला की कॉफी पिणाऱ्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर जास्त होतो, वर्तमानपत्रांमध्ये भरपूर गाजला. पण कंट्रोल म्हणून घेतलेले बरेचसे लोक पोटाच्या डॉक्टरांचेच इतर पेशंट होते आणि पोट बिघडलेला माणूस कॉफी आधीच कमी करतो किंवा त्याला कमी करायला सांगितलेलं असतं, त्यामुळे कॅन्सरवाले जास्त पितात असं दिसलं, प्रत्यक्षात कंट्रोलवालेच कमी पीत होते. पुढे त्याच टीमने परत बघितलं तेव्हा तो संबंध टिकला नाही.

कंट्रोल नीट निवडले तरी कन्फाउंडिंगची भानगड उरतेच, म्हणजे तिसरीच एखादी गोष्ट दोन्हीकडे चिकटलेली असते. मेनोपॉजनंतर हार्मोन घेणाऱ्या बायकांना हार्टचा त्रास कमी होतो असं अमेरिकेतल्या लाखाहून जास्त नर्सेसच्या कोहॉर्टमध्ये दिसत होतं. मग 16,608 बायकांची ट्रायल झाली, कोणाला हार्मोनची गोळी आणि कोणाला प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. 2002 मध्ये ती मधेच थांबवावी लागली, कारण फायदा सोडाच, वर्षाला 10,000 बायकांमागे हार्टच्या केसेस 30 ऐवजी 37 झाल्या आणि स्तनाचा कॅन्सरही वाढला. स्वतःहून हार्मोन घेणाऱ्या बायका मुळातच जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या, तब्येत सांभाळणाऱ्या होत्या, हे एक कारण. मेनोपॉजनंतर किती वर्षांनी गोळी सुरू केली याचाही हात आहे असं नंतर बऱ्याच जणांनी दाखवलं. आणि हे 30 चे 37 म्हणजे टक्क्यांत सांगितलं तर जवळपास पाव वाढ, नुसत्या आकड्यांत सांगितलं तर 10,000 मागे 7 बायका. बातमीत बहुतेक वेळा फक्त टक्केच येतात.

आता सिगरेटची ट्रायल तर कोणी करू शकत नाही, अर्ध्या लोकांना रोज पाकीट ओढा म्हणून कसं सांगणार. अशा वेळी कारण ठरवायला कशाकशाकडे बघावं याचे नऊ मुद्दे हिल यांनी 1965 मध्ये मांडले, जसं की संबंध किती जोरदार आहे, आधी काय झालं, डोस वाढला की धोका वाढतो का. हल्ली लोक ते टिकमार्कसारखे वापरतात, पण त्यांनी स्वतः ते कडक नियम म्हणून दिलेले नव्हते. डोसचा मुद्दा उलट्या बाजूनेही तपासता येतो. डॉल आणि हिल यांनी 1951 मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनाच प्रश्नावली पाठवली, त्यातल्या 34,439 पुरुष डॉक्टरांवर 50 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सिगरेट ओढत राहिलेले साधारण 10 वर्षं आधी गेले. 60 व्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली अंदाजे 3 वर्षं परत मिळवली, 50 ला सोडणाऱ्यांनी 6, 40 ला 9, आणि तिशीत सोडणाऱ्यांची जवळपास सगळीच वाचली.