देवमाशापेक्षा व्याज वेगाने वाढते

निळ्या देवमाशाची मादी साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा, एकाच पिल्लाला जन्म देते. कितीही जपले तरी त्यांची संख्या वर्षाला काही टक्क्यांपलीकडे वाढत नाही. कॅनडाचे गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी 1973 मध्ये हा संथ वेग व्याजदराशेजारी ठेवला. निघालेले उत्तर भयंकर होते.

समजा, 1,000 देवमासे वर्षाला 4 टक्क्यांनी वाढतात. संख्या न घटवता दरवर्षी 40 मारता येतील. पण आजच सगळे मारून तो पैसा 8 टक्क्यांनी गुंतवला, तर दरवर्षी 80 देवमाशांच्या किमतीएवढे व्याज येईल. शिकारीचा खर्च कमी असेल, तर संहारच किफायतशीर! समुद्राला मालक नाही म्हणून लूट होते, असे सांगितले जाते. तेही खरेच. पण एकच मालक नेमला, तरी नफ्याचा हा हिशेब बदलत नाही.

प्राणी विरळ झाले की शोधण्याचा खर्च वाढतो, मग शिकार आपोआप थांबायला हवी. अंटार्क्टिक समुद्रात तसे झाले नाही. जहाजे फिन या दुसऱ्या जातीच्या देवमाशांसाठी जातच होती. वाटेत दिसलेला निळा देवमासा मारायला जादा खर्च जवळपास नव्हता. किती मारायचे याची ठरवलेली मर्यादा, म्हणजे कोटाही जातवार नव्हता. 1 निळा म्हणजे 2 फिन, अडीच हंपबॅक किंवा 6 सेई (याही देवमाशांच्याच जाती), असे एकच एकक सगळ्यांना लावले होते. त्यामुळे निळे संपत आले तरी कोटा फिन आणि सेई मारून भरता येई. हे एकक 1972 मध्ये रद्द झाले.

देवमाशांच्या हिशेबात व्याजदराने जे केले, तेच इतर हिशेबांत वटावदर करतो: उद्याचे मोल आज किती कमी धरायचे, हे ठरवणारा हा आकडा. शंभर वर्षांनी होणारे 10 लाखांचे नुकसान 5 टक्के दराने आज फक्त 7,600 च्या आसपास दिसते, 1.4 टक्के दराने अडीच लाखांजवळ. नुकसान तेच, फरक फक्त दराचा. आणि हा दर निसर्गात मोजून मिळत नाही, माणसे तो निवडतात. केवळ नंतर येते म्हणून पुढच्यांचे सुख कमी लेखणे नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे, असे ब्रिटिश गणितज्ञ आणि तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्सी यांनी 1928 मध्येच लिहिले होते. ब्रिटिश सरकारसाठी हवामानबदलाच्या अर्थकारणावर लिहिलेल्या 2006 च्या स्टर्न अहवालाने साधारण 1.4 टक्के दर धरला. त्यातही निव्वळ काळापोटीची कपात 0.1 टक्का होती, आणि तीही मानवजातच नष्ट होण्याची शक्यता गृहीत धरून.