बीट्रॉन एम्युलेटरवर उघडण्याआधी: १९८९ मध्ये नेमकं काय झालं होतं

१बी/व्ही किंवा चोकान्जी, म्हणजे बीट्रॉन या जपानी ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्त्या, एम्युलेटरमध्ये (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुरू केल्या की पाच मिनिटांत प्रश्न पडतोच, एवढी वेगळी सिस्टिम होती तर ती गेली कुठे? नेटवर शोधलं की सगळीकडे एकच उत्तर मिळतं, अमेरिकेने मारली. मला हे उत्तर अर्धवट वाटतं, आणि त्या नादात त्याच काळात जपानच्या आत काय चाललं होतं ते कुणी सांगतच नाही.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. १९८४ मध्ये टोकियो विद्यापीठातल्या एका संशोधकाने ट्रॉन प्रकल्प मांडला. यंत्रांच्या आत बसणारं आयट्रॉन, टेबलावरच्या कॉम्प्युटरसाठी बीट्रॉन, शिवाय अजून एकदोन शाखा. स्पेसिफिकेशन सगळ्यांसाठी खुलं, पैसे न देता कुणीही त्यावरून आपली सिस्टिम बनवावी. बीट्रॉनची पहिली आवृत्ती ८०२८६ प्रोसेसरवर चालायची.

आता शाळांचा विषय. त्या वेळी जपानमध्ये एका कंपनीच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर सहसा चालत नसे, म्हणजे शाळेने मशीन बदललं की शिकवायचे सगळे प्रोग्रॅमही गेले. म्हणून शाळांच्या कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या सरकारी छत्राखालच्या संस्थेने ठरवलं की सगळ्यांना एकच पाया हवा आणि तो बीट्रॉनचा असावा. बहुतेक उत्पादक तयार झाले. एक मात्र अडून बसला, आणि तो म्हणजे निम्म्याहून जास्त बाजार ज्याच्या हातात होता तोच, पीसी-९८ नावाचे कॉम्प्युटर बनवणारा (एनईसी). त्याची सगळी ताकद एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिमवरच्या हजारो प्रोग्रॅम्समध्ये होती, मग शाळेतली मुलं दुसऱ्याच सिस्टिमवर वाढलेली त्याला कशी परवडतील! शेवटी त्याने एमएस-डॉस आणि बीट्रॉन दोन्ही चालतील असं मशीन पुढे केलं. वरवर ही तडजोड दिसते, पण माझ्या मते एकच पाया असावा ही मूळ कल्पना तिथेच ढिली पडली.

हे सगळं अमेरिकेचा अहवाल यायच्या आधीचं आहे. एप्रिल १९८९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाच्या वार्षिक अहवालात ट्रॉनचं नाव परदेशी व्यापारातला अडथळा म्हणून आलं. तेव्हा अमेरिकेची जपानशी व्यापारी तूट ५० अब्ज डॉलरच्या आसपास होती, १९८८ च्या कायद्यातलं, व्यापारात अडथळे आणणाऱ्या देशांची यादी करून कारवाई करू देणारं सुपर ३०१ हे कलम नवीन होतं, आणि १९८७ मध्ये चिप्सच्या वादातून काही जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर लागलेला १०० टक्के कर सगळ्यांच्या लक्षात होता. तक्रार अशी की सरकार एका देशी सिस्टिमला बाजार मिळवून देतंय. खरं तर स्पेसिफिकेशन खुलं होतं आणि ट्रॉनच्या संघटनेत अमेरिकन कंपन्यांच्या जपानी शाखाही सभासद होत्या, त्यामुळे मला तरी ही तक्रार लंगडी वाटते. पण सरकारी खरेदीत एकच सिस्टिम बंधनकारक करणं हा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हेही मान्य करायला हवं.

पुढच्याच महिन्यात सुपर ३०१ ची यादी आली. जपानसाठी त्यात सुपरकॉम्प्युटर, उपग्रह आणि लाकडी माल होता, ट्रॉन नव्हतं. म्हणजे धोका टळला होता. तरीही शाळांसाठी बीट्रॉनची अट या गडबडीत गळाली ती परत आली नाही, आणि अमेरिकेत टीव्ही, व्हीसीआर विकणाऱ्या उत्पादकांनी हळूच अंग काढून घेतलं. अमेरिकेचा दबाव हे एकमेव कारण असतं तर नाव वगळल्यावर योजना पुन्हा उभी राहायला हवी होती, आणि ती राहिली नाही. आतल्या विरोधकांना बाहेरून आयतं निमित्त मिळालं, असंच मी म्हणेन.

आपण एम्युलेटरवर जे बघतो ते शाळांसाठीचं बीट्रॉन नाहीच. १९९० मध्ये डॉस/व्ही, म्हणजे डॉसची जपानी आवृत्ती, आलं आणि साध्या पीसीच्या व्हीजीए ग्राफिक्सवर, कांजीसाठी (चिनी मुळाच्या अक्षरांसाठी) लागणाऱ्या वेगळ्या हार्डवेअरशिवाय, जपानी अक्षरं दिसायला लागली. त्यामुळे परदेशी पीसी जपानमध्ये खपायला लागले, आणि १९९४ च्या सुमाराला एका छोट्या कंपनीने बीट्रॉन त्याच साध्या पीसीवर आणलं, ते १बी/व्ही. पुढे १९९८ ला बी-राइट/व्ही, १९९९ ला चोकान्जी. ही शाखा साध्या पीसीवर आली म्हणूनच आज ८६बॉक्स किंवा क्यूईएमयूसारख्या एम्युलेटरवर ती चालवायचा विचार करता येतो. २००६ चं चोकान्जी व्ही तर विंडोज एक्सपीवर व्हीएमवेअर प्लेयरमध्ये चालवायलाच बनवलेलं, म्हणजे व्हर्च्युअल मशीन हेच त्याचं अधिकृत घर.

आत गेल्यावर फोल्डर शोधू नका. कागदपत्र म्हणजे मूळ वस्तू, आणि तिच्याकडे बोट दाखवणारी छोटी पट्टी कुठल्याही मजकुरात किंवा चित्रात ठेवता येते, त्यावर डबल क्लिक केलं की वस्तू उघडते. एकाच वस्तूच्या पट्ट्या दहा ठिकाणी असल्या तरी चालतं, त्यामुळे झाडासारखी उतरंड न होता सगळं जाळ्यासारखं जोडलेलं राहतं. वेबच्या लिंक्स घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी हे डेस्कटॉपच्या मुळाशी होतं, आणि मला सगळ्यात जास्त ओढ याचीच आहे.

दुसरी गोष्ट अक्षरांची. चिनी, जपानी, कोरियन लिखाणातल्या सारख्या कांजींना युनिकोडने (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीने) एकाच क्रमांकात बसवलं ते ट्रॉनवाल्यांना पटलं नाही, त्यांनी स्वतःचा कोड ठेवला आणि २००१ च्या चोकान्जी ४ मध्ये अक्षरांची संख्या १ लाख ७० हजारांच्या घरात गेली. जुनी आडनावं, गावांची नावं, जुन्या ग्रंथांमधली अक्षरं लिहिणाऱ्यांनी या सिस्टिमला शेवटपर्यंत धरून ठेवलं ते याचसाठी.

आयट्रॉनला मात्र शाळांच्या भानगडीचा काही फटका बसला नाही. ते कॅमेऱ्यांत, गाड्यांत, फोनमध्ये पसरत गेलं आणि त्याच घराण्यातली एक सिस्टिम २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा पाया झाली. एम्युलेटरवर बघण्यासारखं त्यात फार काही नाही, त्याला स्वतःचा पडदाच नसतो. बघायचं असेल तर बीट्रॉनच, आणि आधी १बी/व्ही मग चोकान्जी या क्रमाने.