वारेतून (प्लॅसेंटातून) यूरिक ॲसिड जातं कसं? पार्श्वभूमी

लॅब घोडबंदर रोडवरची असो की वाशीतली, गरोदरपणात बीपी चढलं की क्रिएटिनिन, एसजीपीटी, प्लेटलेट यांच्या जोडीला यूरिक ॲसिडही बहुधा लिहून दिलं जातं. रिपोर्टवर येतं ५.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, शेजारी छापलेली मर्यादा ६ च्या आसपासची, आणि घरचे निर्धास्त होतात. ती मर्यादा गरोदर नसलेल्या बायकांची असते. पहिल्या अर्ध्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, मूत्रपिंडं जवळजवळ दीडपट गाळतात आणि यूरिक ॲसिड पाव ते एकतृतीयांशाने उतरून ३ च्या आसपास येतं. शेवटच्या महिन्यांत ते पुन्हा ४ ते ५ पर्यंत चढतं. त्यामुळे २६व्या आठवड्याला ५.६ आलं, तर ते वाढलेलंच धरायचं.

हा झाला आईचा हिशेब. बाळाच्या पेशींतही प्युरीन (डीएनएसारख्या रेणूंचे घटक) मोडतात आणि शेवटी यूरिक ॲसिडच उरतं, कारण ते पुढे मोडणारं युरिकेज हे एन्झाइम माणसाकडे नाही. बाळाची मूत्रपिंडं थोडं गर्भजलात सोडतात. खरा निचरा वारेतून आईच्या रक्तात आणि तिथून आईच्या लघवीत होतो.

रक्तातलं यूरिक ॲसिड रंग पाहून मोजायची पद्धत फोलिन आणि डेनिस यांनी १९१२-१३च्या सुमारास बसवली, आणि मग नाळेतल्या रक्ताची तपासणी आवाक्यात आली. १९१७ साली अमेरिकेत स्लेमन्स आणि बोगर्ट यांनी प्रसूतीच्या वेळी आईचं आणि नाळेचं रक्त तपासलं. दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे निघाले. त्यावरून वारेतून यूरिक ॲसिड नुसत्या विसरणाने, म्हणजे जास्तीकडून कमीकडे आपोआप पसरत जातं, असा निष्कर्ष निघाला. आकडे बरोबर होते, निष्कर्ष मात्र घाईचा होता. दोन्ही बाजू समान झाल्या म्हणजे वाट खुली आहे एवढंच कळतं. ती कोणी उघडली हे कळत नाही. रक्ताच्या ७.४ पीएचला यूरिक ॲसिडचा जवळजवळ सगळा भाग ऋणभारित युरेट असतो, आणि असा कण चरबीच्या पडद्यातून आपणहून सहज पार होत नाही.

तरी पुढची कित्येक दशकं सगळ्यांचं लक्ष आईकडेच राहिलं. १९४५मध्ये चेस्ली आणि विल्यम्स यांनी दाखवलं की प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात बीपी चढून अवयवांवर ताण आणणाऱ्या आजारात) मूत्रपिंडं युरेट कमी बाहेर टाकतात. १९७६मध्ये रेडमन आणि सहकाऱ्यांनी बीपी असलेल्या गरोदर स्त्रियांमधलं वाढतं युरेट आणि गर्भाच्या मृत्यूचा धोका यांचा संबंध मांडला. वार मात्र बाजूलाच राहिली.

तिचा उलगडा झाला तो गाउटच्या (यूरिक ॲसिड सांध्यांत साठून होणाऱ्या आजाराच्या) आणि मूत्रपिंडाच्या संशोधनातून. एबीसीजी-२ हे जनुक १९९८मध्ये वारेतच ठळक सापडलं होतं, त्याचं एक नावही वारेवरून पडलं. त्याच वर्षी ते स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींतही सापडलं, औषधं बाहेर फेकणारा पंप म्हणून. ते युरेटही फेकतं, हे कळायला २००९ उजाडलं. ग्लट-९ या प्रथिनाची नोंद २००० साली साखर पेशीच्या आत-बाहेर नेणाऱ्या वाहकांच्या कुटुंबात झाली. तो मुळात युरेटचा तगडा वाहक आहे, हे २००८मध्ये ठरलं. २०११मध्ये पूर्ण दिवसांच्या वारेत ग्लट-९ची दोन रूपं तपासली गेली, आणि ती पेशीथराच्या दोन बाजूंना सारखी वाटलेली नाहीत असं दिसलं.

ही बाजूंची गोष्ट महत्त्वाची आहे. आईचं रक्त आणि बाळाच्या केशवाहिन्या यांच्यामध्ये सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट हा सलग थर असतो. त्याचा एक पडदा आईकडे, दुसरा बाळाकडे. एबीसीजी-२चा पंप आईकडच्या पडद्यावर बसतो आणि एटीपी हे पेशीचं इंधन खर्चून आतला माल आईच्या रक्तात ढकलतो. ग्लट-९ला इंधन लागत नाही. युरेटचा उतार आणि पडद्यावरचा विद्युतभार यांवर तो चालतो. म्हणूनच आईचं यूरिक ॲसिड चढलं की बाळाच्या बाजूचंही चढतं. त्यात वारेत यूरिक ॲसिड तयार करणारं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं, म्हणजे वार स्वतःही थोडं यूरिक ॲसिड बनवते.

प्रयोगात नेमकी हीच अडचण होते. १९७२मध्ये श्नायडर, पानिजेल आणि डान्सिस यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रसूतीनंतर लगेच वारेचा एक खंड निवडून बाळाकडच्या धमनीत आणि शिरेत नळ्या घालतात, आईकडून सुया टोचतात आणि दोन वेगळे प्रवाह सुरू करतात. बाळाकडचं द्रव तासाला सुमारे ३ मिलिलिटरपेक्षा जास्त घटलं तर कुठेतरी फाटलंय समजून तो खंड टाकून देतात. तुलनेला अँटिपायरिन हे औषध घालतात, कारण ते निव्वळ विसरणाने जातं. युरेट साधं घातलं तर वारेने स्वतः बनवलेलं त्यात मिसळतं, म्हणून खूण केलेलं वापरावं लागतं. उंदरांवर भागत नाही: त्यांच्याकडे युरिकेज शाबूत आहे.

प्रीएक्लॅम्प्सियाचं निदान आजही २० आठवड्यांनंतरचं १४०/९० किंवा वरचं बीपी, आणि जोडीला लघवीतलं प्रोटीन किंवा एखाद्या अवयवावरचा ताण यांवर होतं. यूरिक ॲसिड त्या निकषांत नाही. एका आकड्यावर न जाता आधीच्या महिन्यांचे रिपोर्ट शेजारी ठेवून चढ पाहावा, शक्यतो एकाच लॅबचे. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगावं, कारण नेहमीच्या एन्झाइम पद्धतीत त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो.