घोंगडीचं सूत : कोल्हापुरातल्या लोकरीच्या कामाची पार्श्वभूमी

मेंढीची लोकर स्वतः निवडायची, पिंजायची, चरख्यावर कातायची, झेंडूच्या किंवा डाळिंबाच्या सालीच्या रंगात बुडवायची आणि मग त्यातलं थोडं सूत मागावर, थोडं सुयांवर चढवायचं. हे सगळं एकहाती करणाऱ्याला हल्ली फायबर आर्टिस्ट म्हणतात. कोल्हापुरात कुणी बाई हे काम मांडून बसली की बघणारे हमखास म्हणतात, ‘वा, जुनी परंपरा जपताय.’ कौतुक मनापासूनचं असतं, पण इतिहासाच्या हिशेबानं ते अर्धंच खरं. लोकर इथं शेकडो वर्षांची आहे, कातणं आणि विणणंही. मात्र ही सगळी कामं एका माणसानं करायची, ही रीत इथली नव्हे. मेंढरं एका घराची, माग दुसऱ्या घराचा, गिऱ्हाईक तिसऱ्या तालुक्यातलं, अशी ती साखळी होती. तिच्या कड्या जातीनं ठरलेल्या होत्या.

या साखळीचं मूळ पावसात आहे. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर शिरोळला तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो. मेंढराला ओल सोसत नाही. खुरं सडतात, रोग लागतो. म्हणून मेंढरं पूर्वेच्या माळावर, हातकणंगले, शिरोळ, कागलच्या कोरड्या अंगाला आणि त्याच्याही पुढं सांगली जिल्ह्यात. घोंगडीची खरी गरज मात्र पश्चिमेला. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीत भाताची रोपलावण करणाऱ्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ असायची, तीच रात्री अंथरूण आणि तीच पांघरूण. लोकर उगवते एकीकडं, खपते दुसरीकडं, आणि मधे कोल्हापूरची पेठ. पेठेत सणगर गल्ली, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या सणगर समाजाची गल्ली, का आहे, याचं उत्तर मला तरी या नकाशातच दिसतं.

आता लोकर. इथली जुनी मेंढी दख्खनी, रंगानं काळी किंवा करडी, अंगानं काटक. वर्षातून दोनदा तिची कातरणी होते आणि दोन्ही मिळून एका मेंढीची लोकर साधारण अर्धा-पाऊण किलो भरते. हातात घेतली की पहिल्यांदा लागतात ती कुसळं. मग गोखरूचे काटे, वाळलेली लेंडी, माळावरची धूळ आणि लोकरीतच मिसळलेले राठ केस. मऊ लोकरीसाठी नावाजलेल्या मेरिनो मेंढीचा तंतू वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असतो. दख्खनीचा त्याच्या दीडपट ते दुप्पट जाड. गळ्याशी घेतला तर टोचणारच. पण टोचणारा तो राठपणाच पावसात उपयोगी पडतो. घट्ट विणलेलं घोंगडं वापरात आणि पाण्यात आटत जातं, धागे एकमेकांत गुंततात, आणि भुरभुर पाऊस वरच्या वर ओघळून जातो. मुरला तरी आतली ऊब लगेच जात नाही. ओल्या लोकरीचा वास मात्र ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत.

या लोकरीत एक प्रतवारी अशी की तिच्यापुढं बाकीची सगळी दुय्यम. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, जावळ. ती मऊ, बारीक, टोकाला निमुळती असते, कारण ती टोकं आधी कधी कापलेलीच नसतात. जावळाचं घोंगडं ही ऐपतीची खूण. एका घोंगडीला दोन-तीन किलो सूत लागतं. म्हणजे धुऊन-निवडून जाणारी घट धरली तर डझनभर मेंढरांची एक कातरणी एकाच घोंगडीत संपते. जावळाचं हवं तर तेवढी कोकरं हवीत, आणि ती एका हंगामातली.

कातरणीआधी मेंढरं ओढ्यात किंवा नदीत घालून धुतात. कातरलेली लोकर रंगानुसार वेगळी काढायची, मग धनुकलीसारख्या कमानीनं पिंजायची. ताणलेली दोरी लोकरीत थरथरली की कचरा खाली पडतो आणि तंतू मोकळे होतात. कातणं बहुतेक बायकांकडं. वाड्यावर, म्हणजे धनगरांच्या तळावर, दुपारच्या वेळेला. मेंढरांमागं चालताना चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, सूत काढणारे पुरुषही होते. या कातणाऱ्यांचं नाव कुठल्या घोंगडीवर आलं नाही आणि त्यांच्या वेळेची किंमत कुणी वेगळी मोजली नाही. घोंगडी स्वस्त मिळायची त्याचं मोठं कारण हे. ते इतिहासात ठळक लिहायला हवं असं माझं मत.

सूत तयार झालं की ते सणगराकडं जायचं. धनगरांतही खुटेकर म्हणून ओळखली जाणारी मंडळी स्वतः विणायची, पण पेठेतला माग सणगराचा. धनगरानं सूत द्यायचं आणि विणाई मोजायची, किंवा सणगरानं सूत विकत घेऊन घोंगडी बाजारात बसवायची, असे दोन्ही व्यवहार चालत. माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीच्या पातळीला बसतो, पाय खड्ड्यात, पायाखाली माग चालवायच्या पावड्या, हातात आडवा धागा फेकायचा धोटा.

विणण्याआधीचं काम मात्र विणण्याहून अवघड. एकेरी कातलेला, केसाळ धागा तसाच ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, लावला तर शेजारच्या धाग्यात अडकतो आणि तुटतो. म्हणून त्याला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून साल काढायची, भरडून-दळून शिजवायचे, आणि ती चिकट खळ लांबवर ताणलेल्या ताण्यावर कुंच्यानं फिरवायची. एकदा इकडून, एकदा तिकडून, प्रत्येक धाग्याचे केस एका दिशेला बसेपर्यंत. मग तो ताणा उन्हात वाळवायचा. यासाठी मोकळी जागा हवी, ऊन हवं आणि हवा कोरडी हवी. म्हणजे पावसाळ्यात लागणारी वस्तू पावसाळ्यात विणायला अवघड. सणगराची सगळी लगबग मिरग लागायच्या आत. नव्या घोंगडीला जो कडकपणा असतो तो या खळीचा. दोन-चार पावसांत तो जातो.

विकण्याची मोठी जागा जत्रा. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची यात्रा ऑक्टोबरच्या सुमाराला भरते. फरांडे बाबांची भाकणूक ऐकायला महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर समाज लोटतो आणि भंडारा-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. पिकाचं, पावसाचं, राजकारणाचं भाकीत ऐकायचं आणि जाताना घोंगडी घेऊन जायची. देवाच्या पुढ्यात अंथरायला, पारायणाला बसायला, घट बसवायला घोंगडी लागते, आणि तिथं पानिपतचं ब्लँकेट चालत नाही. आज जो काही खप टिकून आहे तो बराचसा या देवकार्यावर.

कापसाच्या सुताची गोष्ट निराळी, आणि ती लवकर आटोपते. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. 1906 साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल काढली. दोन वर्षांच्या अंतरात कातणं आणि विणणं दोन्ही यंत्राकडं गेली. इचलकरंजी पुढं महाराष्ट्राची मँचेस्टर म्हणून नावारूपाला आली आणि आजही यंत्रमागांच्या खडखडाटावर जगते. शाहू मिलचा भोंगा या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला. मात्र या यंत्रांना दख्खनी लोकर नको होती. ती राठ, आखूड, ठिकठिकाणी तुटणारी. त्यामुळं घोंगडीचा माग यंत्राच्या हातून मेला नाही, उलट पन्नास-साठ वर्षं जास्तच टिकला. त्याला मारलं ते प्लास्टिकच्या कागदानं, रेनकोटनं आणि जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून बनणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांनी.

रंगाबाबतीत घोंगडीला फारशी हौस नव्हती. काळी, करडी, पांढरी लोकर जशी मेंढीच्या अंगावर तशीच कापडात, फार तर काठाला लाल-पांढरी रेघ. रंगाऱ्याचं काम कापसावर चाले. नीळ, मंजिष्ठा, आल या झाडांचे रंग आणि त्यांना पकडून ठेवायला हिरडा. हिरडा आजऱ्या-राधानगरीच्या जंगलातला, तोच कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावायलाही लागतो. जर्मनीत 1868 साली मंजिष्ठेचा रंग प्रयोगशाळेत तयार झाला आणि 1897 साली कारखान्यातली नीळ बाजारात आली, तेव्हा हा सगळा धंदा बसला. आज लोकरीला झाडापाल्याचे रंग देणारी जी कलाकार आहे ती त्यामुळं सणगराचा वारसा चालवत नाही. ती रंगाऱ्याचं काम सणगराच्या मालावर करते आहे. हे दोन धंदे एका घरात आधी नांदले नव्हते. तुरटीच्या पाण्यात उकळलेल्या लोकरीवर झेंडूचा पिवळा छान बसतो आणि दसऱ्यानंतर झेंडू तर उकिरड्यावर पडलेला असतो. हळदीचं तसं नाही. भंडाऱ्यानं माखलेली घोंगडी कितीही पिवळीधमक दिसली तरी चार दिवस उन्हात टाका, रंग उडतो.

सुयांवरचं विणकाम या साखळीत कुठंच बसत नाही. ते एकोणिसाव्या शतकात युरोपियन बायका आणि मिशनच्या शाळा यांच्याबरोबर देशात पसरलं, शिकलेल्या घरांत शिरलं, आणि मग टोपडं, मोजे, कानटोपी आणि रुखवतावरच्या क्रोशाच्या रुमालांत स्थिरावलं. कोल्हापूरच्या थंडीला स्वेटर जेमतेम दोन महिने लागतो, तरी उलट-सुलट टाके येत नाहीत अशी आजी माझ्या पिढीला क्वचितच भेटली. पण लोकर म्हणायची ती दुकानातली, रंगीत गुंड्यांची, बहुधा ॲक्रिलिकची. चार कोसांवर कातरल्या जाणाऱ्या लोकरीशी तिचा काही संबंध नव्हता. दख्खनी सूत सुयांवर घ्यायचा विचारच त्या काळी कुणाला सुचला नाही, आणि सुचला असता तरी बाळाच्या अंगाला ते कोण घालणार?

धाग्याला कलेचा मान मिळाला तो दूरवर. 1956च्या सुमाराला हातमागासाठी विणकर सेवा केंद्रं सुरू झाली आणि तिथं चित्रकारांना नेमलं गेलं. प्रभाकर बरवे 1961 ते 1965 वाराणसीच्या केंद्रात होते. मुंबईत नेली सेठना मागावर मोठ्या भिंतीची कामं करत होत्या. मृणालिनी मुखर्जींनी तागाच्या गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पं उभी केली. कोल्हापूरला आपण कलापूर म्हणतो, आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांची नावं अभिमानानं घेतो. ती सगळी परंपरा कुंचल्याची. ताण्यावर खळ फिरवणारा कुंचाही याच गावातला, पण त्याला त्या यादीत कुणी घेतलं नाही.

साखळी आज कुठं तुटली आहे हे पाहिलं तर विणणारा हा शेवटचा मुद्दा ठरतो. माग आहेत, ते चालवणारी म्हातारी माणसंही आहेत. अडतं ते त्याच्या आधी. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त झाल्यावर धनगर लोकर बांधाला टाकून मोकळा होतो. कातणाऱ्या बायकांच्या सुना शेतात किंवा कारखान्यात रोजंदारीला जातात, आणि तो रोज कातणीत सुटत नाही. खुद्द मेंढीही बदलते आहे. सांगली जिल्ह्यातल्या जतकडची माडग्याळ जात उंच, वजनाला भरणारी, अंगावर लोकर नावालाच. मटणाच्या हिशेबात ती सरस, आणि रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांगा लावणाऱ्या कोल्हापुराला हे वेगळं समजावायला नको. खांडात, म्हणजे कळपात, जितक्या माडग्याळ वाढतात तितकी काळी लोकर कमी होते.

म्हणून सगळं एकहाती करणं ही इथं नुसती हौस नाही. मधली माणसंच उरली नाहीत, त्यांची कामं अंगावर घ्यावी लागतात. घोंगडीसाठी चालणारी जाड कातणी वेगळी आणि सुयांवर चालेल अशी दुपदरी, सैल कातणी वेगळी. दुसरी शिकवणारं वाड्यावर कुणी नाही, ती स्वतःच बसवावी लागते. आणि जावळ हवं असेल तर कातरणीच्या आधी वाड्यावर जाऊन धनगराला सांगून ठेवावं लागतं, भाव आधी ठरवावा लागतो. नाहीतर कोकराची लोकर मोठ्या मेंढरांच्या लोकरीबरोबर एकाच पोत्यात जाते, आणि एकदा मिसळली की ती निवडून काढता येत नाही.