विमान रद्द, उशीर किंवा जागा नाकारली : काय मिळते आणि अर्ज कसा करायचा

भारतात विमान नुसते उशिरा सुटले म्हणून रोख नुकसानभरपाई मिळत नाही. हे आधीच सांगितलेले बरे. युरोपातल्या सहाशे युरोंच्या गोष्टी ऐकलेले प्रवासी पुण्या-मुंबईच्या विमानतळावर पैशांसाठी हुज्जत घालत बसतात आणि जेवण, हॉटेलची खोली, पूर्ण परतावा या हक्काच्या गोष्टी मागायच्या राहून जातात.

आपल्याकडचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा आहे. नागरी विमान वाहतूक आवश्यकता, विभाग ३, मालिका एम, भाग ४ असे त्याचे लांबलचक नाव. २०१० मध्ये तो आला आणि पुढे वेळोवेळी सुधारला गेला. तक्रारीत हे नाव जसेच्या तसे लिहा. 'मला खूप मनस्ताप झाला' या वाक्यापेक्षा त्याला जास्त वजन असते.

उशीर झाला तर

तुम्ही वेळेत चेक-इन केलेले असले पाहिजे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर झाला, की कंपनीने खाणेपिणे द्यायचे. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची, त्याहून लांबच्या प्रवासाला चार तासांची. देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर पर्यायी विमान किंवा तिकिटाचे सगळे पैसे परत, यांपैकी काय घ्यायचे ते प्रवाशाने ठरवायचे. उशीर २४ तासांहून अधिक असेल तर हॉटेल आणि तिथवर ने-आण मोफत. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर असला तरी हॉटेल मिळते. रात्रीची ही तरतूद काउंटरवर आपणहून कोणी सांगेलच असे नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.

विमान रद्द झाले तर

इथे सगळे अवलंबून आहे ते तुम्हाला कधी कळवले यावर. दोन आठवडे आधी कळवले तर पर्यायी विमान किंवा परतावा. दोन आठवड्यांच्या आत पण सुटण्याच्या २४ तास आधीपर्यंत कळवले तरी तेच, आणि पर्याय तुम्हाला मान्य असला पाहिजे. त्याहून उशिरा कळवले, किंवा एकाच तिकिटावरचे पुढचे विमान त्यामुळे चुकले, तर भरपाईचा प्रश्न येतो.

उड्डाणाचा कालावधी एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असेल तर ७,५०० आणि दोन तासांहून जास्त असेल तर १०,००० रुपये. पण नियमातले 'यांपैकी जे कमी असेल ते' हे शब्द बातम्यांत हमखास गळतात. तुलना होते ती एकेरी प्रवासाचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क या रकमेशी. समजा पुणे-दिल्ली तिकीट ६,२०० रुपयांचे आहे आणि त्यातले मूळ भाडे व इंधन शुल्क मिळून ४,६०० आहे. मग भरपाई १०,००० नव्हे, ४,६०० रुपये. तिकिटाचा परतावा यापेक्षा वेगळा. स्वस्तातल्या तिकिटावर ही रक्कम फारशी राहत नाही, आणि माझ्या मते या नियमाची हीच सर्वांत कमकुवत बाजू आहे.

आणखी एक. ऐनवेळी कंपनीने दिलेले दुसरे विमान तुम्ही पत्करले, तर कंपनी बहुधा भरपाई नाकारते. नियमाचा रोख 'मान्य असे पर्यायी विमान, नाहीतर पूर्ण परतावा आणि वर भरपाई' असा आहे. दुसऱ्या दिवशी पोहोचून उपयोग नसेल तर घाईघाईने 'हो' म्हणू नका.

तिकीट असून चढू दिले नाही तर

कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकतात. सगळे आले की आधी स्वेच्छेने थांबणारे प्रवासी शोधावे लागतात. ते पुरेसे मिळाले नाहीत आणि वेळेत आलेल्या, पक्के तिकीट असलेल्या प्रवाशाला थांबवले, तर भरपाई मोठी आहे. एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले तर काही नाही. २४ तासांच्या आतले दिले तर मूळ भाडे व इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये. त्यानंतरचे दिले तर ४०० टक्के, कमाल २०,०००. दुसरे विमान नकोच असेल तर पूर्ण परतावा आणि शिवाय ४०० टक्क्यांचीच भरपाई. मात्र गेट बंद झाल्यावर धावत पोहोचलेला प्रवासी यात बसत नाही.

२०२३ पासून वरच्या वर्गाचे तिकीट असताना खालच्या वर्गात बसवल्याचीही भरपाई आहे. देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के, आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३० ते ७५ टक्के.

कंपनी कुठे हात वर करते

धुके, पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका अशी हाताबाहेरची कारणे असतील तर रोख भरपाई द्यावी लागत नाही. तिकिटाचा परतावा मात्र या कारणांनी बुडत नाही. बुकिंगच्या वेळी तुमचा संपर्क क्रमांक नीट दिलेला नसेल तरीही भरपाई जाते. एजंटने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला की हे घडते, म्हणून बुकिंग झाल्यावर आपला नंबर आणि ई-मेल तपासा.

सगळ्या दाव्याचा जीव म्हणजे कारण. 'ऑपरेशनल कारण' हा गोलमोल शब्द मान्य करू नका, नेमके कारण लेखी मागा. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली. वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीच्या नव्या नियमांनुसार नियोजन पुरे पडले नव्हते, म्हणजे धुक्याशी त्याचा संबंध नव्हता. ऐनवेळी अडकलेल्यांना कंपनीने ५ ते १० हजारांची भरपाई जाहीर केली, आणि ३ ते ५ डिसेंबरला सर्वाधिक झळ बसलेल्यांना वर १० हजारांची व्हाउचर. व्हाउचरबद्दल एक लक्षात ठेवा : नियमातली भरपाई रोख किंवा बँकेतून द्यायची असते, तिच्याऐवजी व्हाउचर द्यायचे तर तुमची सहीनिशी संमती लागते.

कागदपत्रे

पीएनआर असलेले ई-तिकीट आणि भाड्याची फोड दाखवणारे बिल सगळ्यात आधी, कारण मूळ भाडे त्याशिवाय कळत नाही. मग बोर्डिंग पास किंवा चेक-इनचा पुरावा. विमान रद्द झाल्याचा एसएमएस आला असेल तर वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. विमान रद्द किंवा उशिरा असल्याचे कंपनीचे प्रमाणपत्र, जे विम्याच्या दाव्यालाही चालते. स्वतः खर्च केला असेल तर जेवण, टॅक्सी, हॉटेलच्या पावत्या. ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, आणि आई-वडिलांसाठी अर्ज करत असाल तर त्यांच्या सहीचे अधिकारपत्र.

अर्जाची वाट

पहिला अर्ज विमान कंपनीकडेच, तिच्या संकेतस्थळावरच्या फॉर्मवर किंवा ई-मेलने. तारीख, विमानाचा क्रमांक, ठरलेली वेळ, तुम्हाला किती वाजता कळवले, आणि मागणीचा हिशेब, एवढे पाच-सहा ओळींत बसते. उत्तर समाधानकारक नसेल तर कंपनीचा नोडल अधिकारी (तक्रारींसाठी नेमलेला), मग त्याच्या वरचा अपिलीय अधिकारी. क्रेडिट कार्डाने काढलेल्या तिकिटाचा परतावा सात दिवसांत व्हायला हवा. एजंटकडून तिकीट घेतले असेल तरी जबाबदारी कंपनीची, 'एजंटला विचारा' हे उत्तर चालत नाही.

त्यानंतर केंद्र सरकारचे एअरसेवा ॲप किंवा पोर्टल. तिथे तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते.

तरीही हलले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचे मुख्यालय गुरुग्रामला असले तरी. मोबदला, म्हणजे तिकिटासाठी तुम्ही मोजलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. डीजीसीएच्या मर्यादेबाहेरचे नुकसान, म्हणजे चुकलेली मुलाखत किंवा लग्न, मागायची जागा हीच.

परदेशचा प्रवास असेल तर

युरोपीय महासंघातल्या विमानतळावरून सुटणारे कोणत्याही कंपनीचे विमान आणि तिथे जाणारे युरोपीय कंपनीचे विमान तिथल्या २६१/२००४ या नियमात येते. मुंबईहून फ्रँकफर्टला लुफ्थान्साने जाताना पोहोचायला तीन तासांहून जास्त उशीर झाला तर ६०० युरोपर्यंत मागता येतात, आणि नेहमीचा तांत्रिक बिघाड ही सबब चालत नाही. ब्रिटनचा नियम याच धर्तीवर आहे. लंडनहून मुंबईला एअर इंडियाने येतानाही तो लागू होतो आणि रक्कम ५२० पौंडांपर्यंत जाते. लंडन, म्युनिकला मुलांकडे जाऊन येणाऱ्या आजी-आजोबांच्या वतीने हा अर्ज मुलांनी तिथूनच भरावा, ते सोपे पडते.

पुन्हा देशातल्या तक्रारीकडे : ग्राहक आयोगात जायचे नसेल तर काही जिल्ह्यांत स्थायी लोक अदालत आहे. हवाई प्रवासी वाहतूक कायद्याने 'लोकोपयोगी सेवे'त मोडते, त्यामुळे तिथे साध्या अर्जावर तडजोडीचा प्रयत्न होतो आणि तो फसला तर अदालत स्वतः निकालही देऊ शकते. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात याची माहिती मिळेल.