पीटर फ्रान्सिस्को: शिपाई, अर्जदार आणि आख्यायिका

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात परदेशातून येऊन लढलेल्यांची नावे निघाली की लाफाएत, श्टॉयबेन, पुलास्की, कोश्चुश्को ही ठरलेली मंडळी आठवतात. हे सगळे घडलेले सैनिक होते, शिफारसपत्रे आणि अधिकारपदाच्या अपेक्षा घेऊन आले होते आणि त्यांच्यामागे कागदांचा भरपूर पसारा आहे. पीटर फ्रान्सिस्कोचे तसे नाही. तो अमेरिकेत आला तो लहान मूल म्हणून, लढला तो साधा शिपाई म्हणून, आणि युद्ध चालू असताना त्याला लिहिता-वाचताही येत नव्हते. त्याच्याविषयी आज जे सांगितले जाते त्यातला बराच भाग युद्ध संपल्यानंतर तीस, पन्नास किंवा दोनशे वर्षांनी आकाराला आला, आणि प्रत्येक वेळी तो घडवणाऱ्यांची गरज वेगळी होती.

बालपणाची कथा परंपरेने आलेली आहे. जून 1765 मध्ये व्हर्जिनियातील जेम्स नदीवरच्या सिटी पॉइंट या बंदराच्या धक्क्यावर पाचेक वर्षांचा एक मुलगा एकटाच सापडला. अंगावर उंची कपडे होते, बुटांना चांदीची बक्कले होती आणि त्याच्या तोंडची भाषा तिथल्या कोणाला कळत नव्हती. काही काळ गरिबांसाठीच्या आश्रयगृहात काढल्यावर एका न्यायाधीशाने त्याला आपल्या मळ्यावर नेले. तंबाखूच्या लागवडीवर आणि गुलामांच्या श्रमांवर उभ्या असलेल्या त्या प्रांतात हा मुलगा लोहारकाम शिकला. वयात आल्यावर त्याची उंची साडेसहा फूट आणि वजन 260 पौंड, म्हणजे सुमारे 118 किलो झाल्याचे सांगतात. हे आकडे सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, परंतु तो आडदांड होता याविषयी दुमत नाही. हे न्यायाधीश स्वातंत्र्यवादी वक्ता पॅट्रिक हेन्रीचे नातेवाईक होते; मामा की काका याची चर्चा इथे नको. मार्च 1775 मध्ये रिचमंडच्या चर्चमध्ये हेन्रीने केलेले प्रसिद्ध भाषण या मुलाने बाहेर उभे राहून ऐकले, असेही सांगितले जाते, आणि त्या भाषणाचा जो मजकूर सर्वांना पाठ आहे तो स्वतः 1817 साली, बेचाळीस वर्षांनी, छापून आलेला आहे.

1776 च्या अखेरीस, वयाच्या सोळाव्या वर्षी, तो व्हर्जिनियाच्या दहाव्या पलटणीत तीन वर्षांच्या बोलीने भरती झाला. ही पलटण काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, उभारलेल्या खड्या सैन्यातली होती आणि हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. 1777 मध्ये ब्रँडीवाइनला त्याच्या पायात गोळी लागली, 1778 मध्ये मॉनमथला मांडीत. जुलै 1779 मध्ये हडसन नदीकाठच्या स्टोनी पॉइंट या ठाण्यावर मध्यरात्री छापा घालण्यात आला. आवाज होऊ नये म्हणून शिपायांच्या बंदुका रिकाम्या ठेवून केवळ संगिनी चढवल्या होत्या आणि लाकडी अडथळे तोडण्यासाठी कुऱ्हाडी घेतलेली वीस-वीस जणांची तुकडी सर्वांत पुढे पाठवली होती. ज्या वीस जणांत फ्रान्सिस्को होता असे म्हणतात त्यांतले सतरा जण मेले किंवा जखमी झाले. त्याच्या पोटावर संगिनीची नऊ इंची जखम झाली आणि तो तटावर चढणारा दुसरा माणूस होता. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सर्वांत थरारक रात्र हीच, पण ती चित्रांत क्वचितच आली.

चित्रांत आली ती तोफ. 16 ऑगस्ट 1780 रोजी दक्षिण कॅरोलायनातील कॅम्डन येथे अमेरिकी सैन्याचा दारुण पराभव झाला. डाव्या बगलेवरची व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनाची मिलिशिया, म्हणजे अल्पमुदतीची स्थानिक फौज, पहिल्याच रेट्यात पळाली, सेनापती गेट्स घोड्यावर बसून त्याच दिवशी साठ मैल दूर पोहोचला आणि उजवीकडे ठाण मांडून लढणारा बव्हेरियाचा द काल्ब अनेक जखमा होऊन तीन दिवसांनी मेला. तीन वर्षांची मुदत संपल्यामुळे फ्रान्सिस्को या वेळी मिलिशियात होता. आख्यायिका अशी की तोफ ओढणारे घोडे मेल्यामुळे ती शत्रूच्या हाती पडणार असे दिसताच त्याने अकराशे पौंडांची, म्हणजे सुमारे 500 किलोची तोफ खांद्यावर घेतली आणि आपल्या लोकांपर्यंत नेऊन पोहोचवली.

या कथेची अडचण वजनापासून सुरू होते, पण तिथे संपत नाही. मैदानी तोफ म्हणजे चाकांचा गाडा आणि त्यावर बसवलेली नळी, आणि सांगणारे या दोहोंत फरक करत नाहीत. त्या काळातल्या सहा पौंडी गोळ्याच्या हलक्या पितळी तोफेची नुसती नळी अडीचशे किलोंच्या आसपास भरत असे, तर तीन पौंडी गोळ्याच्या सर्वांत हलक्या तोफेची नळी शंभर किलोंच्या घरात. दुसरी नळी एखाद्या असामान्य ताकदीच्या लोहाराने उचलून काही पावले नेली असेल, हे अशक्य कोटीतले नाही. अकराशे पौंडांचा आकडा मात्र गाड्यासकट सगळे धरल्याशिवाय जमत नाही, आणि चाके असलेला गाडा खांद्यावर कोणी घेत नाही. यापेक्षा मोठी अडचण लढाईच्या निकालाची आहे. कॅम्डनला अमेरिकी सैन्याने आपल्या सगळ्या तोफा गमावल्या. वाचवलेली तोफ असेल तर ती संध्याकाळपर्यंत पुन्हा गेलेली असणार. तिसरी गोष्ट अशी की फ्रान्सिस्कोने उतारवयात सरकारकडे केलेल्या अर्जांत कॅम्डन आहे, परंतु तिथे भर आहे तो आपल्या कर्नलवर नेम धरणाऱ्या इंग्रज सैनिकाला आपण कसे पाडले, पुढे एका घोडेस्वाराचा घोडा कसा मिळवला आणि शत्रूच्या ओळींतून राजनिष्ठ असल्याचे सोंग करून तो कर्नलपर्यंत कसा नेला, यावर. पैशांची निकड असलेला माणूस इतके सगळे तपशिलाने सांगतो आणि पाचशे किलोंची तोफ सांगायची विसरतो, हे पटण्यासारखे नाही.

पुढच्या वर्षी 15 मार्च 1781 रोजी उत्तर कॅरोलायनात गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई झाली. या वेळी तो स्वयंसेवक घोडदळात होता. संगिनीने त्याची मांडी फाडली गेली आणि तो मेलेल्यांत जमा धरून मैदानावर राहिला. मैदान इंग्रजांकडे राहिले, मात्र सुमारे एकोणीसशेपैकी पाचशेहून अधिक माणसे त्यांनी मेलेली वा जखमी झालेली पाहिली, आणि तिथला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस त्यानंतर किनाऱ्याकडे वळला तो ऑक्टोबरात यॉर्कटाउनच्या शरणागतीपर्यंत पोहोचला. मराठी वाचकाला हा कॉर्नवॉलिस अनोळखी नाही. दहा-अकरा वर्षांनी श्रीरंगपट्टणच्या स्वारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन ज्याच्या बरोबरीने टिपूवर चालून गेले तोच हा.

1781 च्या उन्हाळ्यातली चकमक ही आख्यायिकेचा दुसरा खांब. व्हर्जिनियात एका खाणावळीपाशी टार्लटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या घोडदळातल्या नऊ जणांनी फ्रान्सिस्कोला गाठले. एकाने त्याच्या बुटांची चांदीची बक्कले मागितली, हा म्हणाला की हवी तर स्वतः काढून घे, आणि तो स्वार तलवार काखेत धरून वाकला तेव्हा ती तलवार याने हिसकली. नऊ जणांत किती मेले याविषयी हकिगतींचे जुळत नाही. घोडे मात्र आठ मिळाले आणि त्यांतले दोन खाणावळवाल्याने लाटले, अशी तक्रार आहे. शौर्यकथेत खाणावळवाल्याची तक्रार कोणी रचून घालत नाही, म्हणून हा प्रसंग मुळात घडला असावा असे मला वाटते. या चकमकीचे कोरीव छापील चित्र 1814 साली फिलाडेल्फियात निघाले आणि त्याच्या शीर्षकातच चारशे जणांची फौज बघत असताना नऊ स्वारांशी झुंज, असा उल्लेख होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टन शहरातल्या सरकारी इमारती जाळल्या होत्या. एकट्याने नऊ इंग्रजांना पिटाळणारा शिपाई त्या वर्षी घराघरात टांगण्याजोगा होता.

आख्यायिकेचे खरे उगमस्थान मात्र पेन्शनचा कायदा आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष गेले आहे. 1818 च्या कायद्याने काँग्रेसच्या खड्या सैन्यात किमान नऊ महिने काढलेल्या आणि हलाखीत असलेल्या शिपायाला महिना 8 डॉलर देण्याचे ठरले. अर्ज इतके आले की 1820 मध्ये प्रत्येक अर्जदाराला आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी लागू लागली. ज्याच्याकडे कागद नाहीत त्याने आपली सेवा तोंडी सांगायची, साक्षीदार आणायचे आणि अधिकाऱ्यांची नावे घ्यायची, अशी ती रीत होती. फ्रान्सिस्कोची गोची अशी की कायद्यात बसणारी त्याची सेवा होती पहिल्या तीन वर्षांची, म्हणजे ब्रँडीवाइन, मॉनमथ आणि स्टोनी पॉइंट. कॅम्डन, गिलफर्ड आणि खाणावळीची चकमक हे सगळे मिलिशियातले किंवा स्वयंसेवक म्हणून केलेले, आणि त्याला या कायद्यात किंमत नव्हती. त्यासाठी त्याने व्हर्जिनियाच्या विधिमंडळापुढे आणि पुढे काँग्रेसपुढे वेगळे अर्ज केले. जे कायद्याने मोजले जात नव्हते ते साहजिकच शब्दांनी मोजून सांगावे लागले. या अर्जांत फुगवटा आहे का, तर असेल, पण तो ज्या काळाने मागितला त्या काळाच्या पद्धतीचा आहे. शेवटची वर्षे तो व्हर्जिनिया विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात शिस्त राखणारा अधिकारी होता आणि जानेवारी 1831 मध्ये रिचमंड येथे वारला.

वॉशिंग्टनने त्याला एकट्याची फौज म्हटले, हा माणूस नसता तर दोन निर्णायक लढाया आणि कदाचित युद्धही आपण हरलो असतो असे म्हटले, ही वाक्ये आज सर्वत्र दिसतात. वॉशिंग्टनची पत्रे, हुकूम आणि रोजनिशी इतक्या बारकाईने छापली गेली आहेत की ही वाक्ये तिथे असती तर केव्हाच दाखवता आली असती. 1904 साली गिलफर्डच्या मैदानात उभारलेल्या स्मारकस्तंभावर मात्र या वाक्यांऐवजी आकडा आला. त्याने स्वतःच्या तलवारीने शत्रूचे अकरा जण मारले, आणि त्यामुळे तो या युद्धातला कदाचित सर्वांत प्रसिद्ध साधा शिपाई ठरला, असे तिथे कोरलेले आहे. कीर्तीला ‘कदाचित’ आहे, अकराला नाही.

विसाव्या शतकात त्याला नवे वारस मिळाले. न्यू इंग्लंडमधल्या बंदरांत देवमाशांच्या शिकारी जहाजांबरोबर एकोणिसाव्या शतकापासून अझोर बेटांवरचे पोर्तुगीज येत होते. 1917 च्या साक्षरतेच्या अटीने आणि 1924 च्या कोटा कायद्याने ही वाट जवळपास बुजली, आणि आम्ही इथले नव्हे का, हा प्रश्न त्या वस्त्यांना भेडसावू लागला. मूळचा पोर्तुगीज मानला जाणारा 1776 सालचा शिपाई फ्रान्सिस्को हे त्याचे आयते उत्तर होते. तेव्हापासून नागरी संघटनांनी मेळावे, ठराव आणि चौकांची नावे यांच्या आधारे त्याचे नाव पुढे रेटले. अझोरच्या फायाल बेटावर 1957-58 मध्ये ज्वालामुखी फुटला आणि निर्वासितांसाठी 1958 चा विशेष कायदा झाला तेव्हा हे काम आणखी जोमाने झाले. टर्सेरा बेटावरच्या पोर्तो जुदेउ गावच्या चर्चच्या नोंदवहीत जुलै 1760 मध्ये जन्मलेल्या पेद्रो फ्रान्सिस्कोची नोंद शोधून काढण्यात आली तीही याच काळात. पेद्रो आणि फ्रान्सिस्को ही दोन्ही नावे त्या बेटांवर अगदी सर्रास आढळतात, त्यामुळे वय जुळते एवढ्यावर ही नोंद त्याचीच मानणे घाईचे आहे. परंतु आज बहुतेक ठिकाणी ती शंका न घेता उद्धृत होते.

या सगळ्याचा परिपाक म्हणजे 1975 चे टपाल तिकीट. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने अपरिचित योगदानकर्त्यांवर चार तिकिटे निघाली. रात्री घोड्यावरून मिलिशियाला जागे करत गेलेली मुलगी सिबिल लडिंग्टन, बंकर हिलला लढलेला कृष्णवर्णीय सैनिक सेलम पुअर, पोलंडहून आलेला ज्यू सावकार हाइम सॉलोमन आणि 18 सेंटांच्या तिकिटावर फ्रान्सिस्को. निवड निव्वळ गुणांवर झाली असे कोणी म्हणणार नाही, आणि तसे असायलाच हवे असेही नाही. वंश, धर्म, लिंग आणि स्थलांतर यांची प्रत्येकी एक जागा भरण्याचा तो उघड हिशेब होता आणि तोवरच्या तिकिटांवरचे ठरावीक चेहरे पाहता तो समर्थनीयही होता. आक्षेप चित्राला आहे. तिकिटावर फ्रान्सिस्को खांद्यावर तोफ घेऊन चालताना दाखवला आहे. तिकिटाच्या पाठीवर मात्र त्याचे बळ आणि शौर्य शेकोट्यांभोवतीच्या गोष्टींचा विषय झाले, आणि तो ब्रँडीवाइन, यॉर्कटाउन व गिलफर्ड येथे लढला, एवढेच छापले आहे. त्यात कॅम्डनही नाही आणि तोफही नाही. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याला कथेची जात माहीत होती आणि चित्र मंजूर करणाऱ्याला ती चालली. पाठीवरचा मजकूर पाकिटाला डिंक लावताच झाकला जातो. तोफ राहिली.

त्याच्या नावाचा दिवस मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि व्हर्जिनिया या राज्यांत 15 मार्च हा मानला जातो. पहिल्या दोन राज्यांत तो राहिलेला नाही, परंतु अझोरहून आलेली कुटुंबे तिथे दाटीने आहेत. तारीख कॅम्डनची न घेता गिलफर्डची घेतली गेली.